पिंपामागची पुस्तकं

खानापूर तालुक्यातून एका भगिनींचं पत्र आलं आहे. नाव-गाव गाळून त्याचा सारांश देते.

वय ४३. बेळगावात एका पतसंस्थेत नोकरी, रोज बसनं जाणं-येणं. घरात यजमान, सासूबाई आणि इंग्रजी माध्यमात आठवीत शिकणारी मुलगी. थोडी भातशेती आहे. लहानपणापासून वाचनाचं वेड, पण लग्नानंतर बरीच वर्षं हातात पुस्तक आलं नाही. कर्नाटकात बायकांना बसप्रवास मोफत झाल्यापासून महिन्याचे दीड हजार तरी वाचतात आणि ते पैसे त्या पुस्तकांना ठेवतात. थंडीत कडोली, उचगावसारख्या गावांत साहित्य संमेलनं भरतात, तिथल्या पुस्तकांच्या स्टॉलवरून रिकाम्या हातानं परतणं जमत नाही. कोल्हापूरला लग्नाला गेल्या तरी एक पिशवी भरून येते. गेल्या वर्षी ४१ पुस्तकं घेतली, वाचून झाली १८. घरात न वाचलेली ६३ आहेत. सासूबाई म्हणतात, "ह्या रद्दीवरची धूळ कुणी झाडायची?" म्हणून दोन वर्षांपासून नवी पुस्तकं आधी ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवतात, मग एकेक करून घरी आणतात आणि तांदळाच्या पिंपामागे लपवतात. चतुर्थीच्या साफसफाईत यजमानांनी पिंप सरकवलं आणि १९ पुस्तकं बाहेर आली. ते एवढंच म्हणाले, "इचारू नको गं, सांगायचं तरी." तेव्हापासून घरात अबोला आहे. पत्रात त्या लिहितात, "आमच्या गावची मराठी शाळा दोन खोल्यांवर आलीय. मीच नाही घेतली तर इथं मराठी पुस्तक कोण घेणार? पण मुलगी हात लावत नाही, मग कुणासाठी घेते मी? हे व्यसन आहे का? खरेदी बंद करू का?" पत्राच्या शेवटी, जाता जाता, एक ओळ आहे : परवा सासूबाईंनी विचारलं, "त्या तांबड्या पुस्तकात काय हाय गं?" मी म्हटलं, काही नाही, कविता आहेत.

ताई,

तुम्ही रोज दुसऱ्यांच्या पैशांचा हिशेब ठेवता, म्हणून आधी हिशेबाचंच बोलू. वर्षाला अठरा या वेगानं ६३ पुस्तकं म्हणजे साडेतीन वर्षांचं वाचन. एवढंच. तुमच्या घरात वर्षाचा तांदूळ भरून ठेवतात, त्या पिंपाला कुणी व्यसन म्हणत नाही. घरात साडेतीन वर्षांची बेगमी असणं हे वाचणाऱ्या माणसाच्या घरात अगदी साधं आहे. नोकरी, स्वयंपाक, शेतावरचं जेवण, मुलीचा अभ्यास हे सगळं सांभाळून वर्षाला अठरा पुस्तकं वाचणं ही मोठी गोष्ट आहे. पत्रात त्या आकड्याबद्दल तुम्हाला लाज वाटलेली दिसते. मला कौतुक वाटलं.

मात्र दर वर्षी २३ पुस्तकांची भर पडत राहिली, तर पाच वर्षांनी हाच आकडा पावणेदोनशेच्या पुढे जाईल, तेही बुटक्या छपराच्या घरात, घाटाकडच्या पावसात. तेव्हा काहीतरी बदलायला हवं, हे खरं. पण ते 'खरेदी बंद' नव्हे. उपास धरल्यासारखी खरेदी सोडलेल्या माणसांना मी पाहिलंय, पुढच्या संमेलनात ती दोन पिशव्या भरून आणतात.

व्यसन म्हणायचं झालं तर मी एकच खूण धरते : गोष्ट लपवावी लागते का. ती तुमच्या पत्रात आहे, आणि मला त्याबद्दलच जास्त बोलायचंय. ड्रॉवर, मग पिशवी, मग पिंप. हा प्रवास करताना प्रत्येक पुस्तकाबरोबर थोडी धाकधूक घरात येते. मग ते पुस्तक वाचायला काढायचं म्हणजे ती धाकधूकही बाहेर काढायची. पिंपामागची पुस्तकं वाचून होत नाहीत याचं निम्मं कारण मला हेच दिसतं. जे पुस्तक उघड्यावर धरता येत नाही, ते वाचणार कधी आणि कुठे?

हे मी अंदाजानं लिहीत नाही. माझं नवं लग्न झालं तेव्हा आम्ही बेळगावच्या शहापुरात दोन खोल्यांत राहत होतो. पगार तोकडा, त्यामुळे मी घेतलेली पुस्तकं पलंगाखालच्या पत्र्याच्या ट्रंकेत ठेवायची, वर जुनी चादर. वडिलांनी सही करून दिलेलं एक कवितांचं पुस्तकही त्यातच ठेवलं होतं. त्या वर्षी मृगापासून जी झड लागली ती गणपतीपर्यंत. ट्रंक उघडली दिवाळीच्या साफसफाईला. वरून सगळं नीट दिसत होतं. वडिलांचं पुस्तक उचललं तर कव्हर हातात आलं आणि आतली पानं खाली राहिली. पानं एकमेकांना चिकटून वडी झाली होती, आणि सहीच्या पानावर कसरीच्या किड्यानं नागमोडी रेघा कोरल्या होत्या. वडिलांच्या नावातला 'ग' तेवढा शाबूत होता. ट्रंकेत पुस्तकं आहेत हे घरात कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे पावसाळ्यात मध्ये एकदा उन्हं दाखवावीत, असंही कुणी म्हणालं नाही. माझ्या यजमानांना कळलं तेव्हा ते जरासे गप्प झाले आणि मग म्हणाले, भिंतीवर एक फळी मारली असती की. अगदी सहज. मी ज्या रागाला दोन वर्षं भीत होते, तो राग कधी नव्हताच.

तुमच्या यजमानांचं वाक्य पुन्हा बघा. "इचारू नको गं, सांगायचं तरी." तुम्ही पत्रात त्याच्यापुढे लिहिलंय, 'त्यांना पैशाचं लागलं.' वाक्यात पैसा कुठे आहे? त्यांनी तर परवानगीचा हक्कही सोडून दिलाय, 'इचारू नको' म्हणालेत. लागलं असेल तर ते १९ पुस्तकं आपल्याच घरात आपल्यापासून लपवलेली सापडल्याचं. या अबोल्यावर उपाय तुमच्याच हातात आहे आणि तो स्वस्तही आहे. त्यांना सांगा की लपवलं ते चुकलं. मग महिन्याचा आकडा सांगा. वाचलेल्या बसभाड्यातले सहाशे म्हणा, सातशे म्हणा, पण तो तुम्हीच ठरवलेला असू द्या आणि घरात सर्वांना माहीत असू द्या. एखाद्या महिन्यात घेतलं नाही तर तो पुढच्या महिन्यात जमा होईल, म्हणजे थंडीतल्या संमेलनांपर्यंत हाताशी चांगली रक्कम राहील. उरलेले आठ-नऊशे कुठे जावेत ते दोघांनी ठरवा. 'जाऊबाईंच्या साड्यांना कुणी काही म्हणत नाही' हा मुद्दा पत्रात दोनदा आलाय. तो त्या बोलण्यात काढू नका. त्यानं पुस्तकांची बाजू मजबूत होत नाही, फक्त घरात आणखी एक माणूस दुखावतं.

आता त्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. 'मीच नाही घेतली तर इथं मराठी पुस्तक कोण घेणार?' ताई, हे वाक्य आपल्या भागातल्या माणसाच्या छातीतून येतं, आणि ते खोटं नाही. १९४६ साली बेळगावात कादंबरीकार ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरलं आणि तिथे संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. राज्य झालं, आपण बाहेर राहिलो. तेव्हापासून आपल्याकडे मराठी पुस्तक हे नुसतं पुस्तक राहिलेलं नाही. खेड्यापाड्यांत लोक वर्गणी काढून संमेलन भरवतात, ग्रंथदिंडीत पालखीला खांदा देतात, डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका पुढे असतात. त्या गर्दीतून चालत आलेल्या बाईला पुस्तकांच्या स्टॉलवरून तसंच पुढे जाता येत नाही. मलाही येत नाही.

पण तुम्हीच लिहिलंय की उचगावला एका स्टॉलवर सकाळपासून बोहनी झाली नव्हती म्हणून तुम्ही तीन पुस्तकं घेतलीत. ती आज कुठे आहेत? मला वाटतं, पिंपामागेच असतील. कर्तव्य म्हणून घेतलेलं पुस्तक वाचायला फार जड जातं. ते आपल्याकडे बघत राहतं आणि आपण नजर चुकवतो. एकदा निवांत बसून ६३ पुस्तकं जमिनीवर मांडा आणि प्रत्येक पुस्तक का घेतलं ते आठवा. कुतूहलानं घेतलेली एकीकडे, कुणाच्या तरी दयेनं, सवलतीनं किंवा भाषेच्या काळजीनं घेतलेली दुसरीकडे. दुसऱ्या ढिगातल्या प्रत्येक पुस्तकाची पहिली वीस पानं वाचा. वीस पानांत धरलं नाही तर ते पुस्तक तुमचं नाही. त्याचा वाचक दुसरा कुणीतरी आहे, त्याच्यापर्यंत ते जायला हवं. भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचा पाया घालणाऱ्या रंगनाथन यांनी १९३१ साली पाच सूत्रं मांडली. त्यांतलं तिसरं हेच आहे : प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे.

तुमच्या गावात असे वाचक नाहीत असं तुम्ही गृहीत धरलंय. शाळा दोन खोल्यांवर आली, हे वाचून मला वाईट वाटलं. पण शाळेत मुलं नसणं आणि गावात वाचणारं माणूस नसणं, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्या शाळेतून शिकून गेलेले तीस-चाळीस वर्षांचे लोक गावातच आहेत की. दूध डेअरीत संकलनाला येणाऱ्या बायका आहेत, भजनी मंडळ आहे, पुण्या-मुंबईहून निवृत्त होऊन परतलेले असतील. त्यांना कधी कुणी पुस्तक दिलंय का? तुमचा दुसरा ढीग शाळेला द्या किंवा ग्रामपंचायतीच्या वाचनालयाला द्या, पण गठ्ठा देऊन मोकळ्या होऊ नका. गठ्ठा दिला की त्याचंही पिंप होतं. एकेका माणसाला एकेक पुस्तक नाव घेऊन द्या : हे तुमच्यासाठी, यात गुऱ्हाळाचं आलंय. शंभर पानांची वही करा, त्यात कुणाला काय दिलं, कधी दिलं, परत कधी आलं ते लिहा. परत आलं नाही तर एकदा विचारा, दुसऱ्यांदा विचारू नका, आणि जे गमवायचं नाही ते द्यायचंच नाही. सीमाभागात दहा जणांनी हाताळलेलं एक मराठी पुस्तक मला दहा कपाटांतल्या दहा कोऱ्या पुस्तकांपेक्षा जास्त मोलाचं वाटतं.

आणि त्या स्टॉलवाल्याला खरंच हातभार लावायचा असेल, तर दयेची तीन पुस्तकं घेण्यापेक्षा त्याला आपल्याला हवं असलेलं एक नाव सांगून ठेवा, मागवून द्यायला सांगा आणि ते त्याच्याकडूनच घ्या. जमलं तर बरोबर एक मैत्रीण न्या. त्याला एक कायमचं गिऱ्हाईक मिळेल.

इथे तुमच्या बाजूचाही एक मुद्दा सांगायला हवा, कारण 'आधी आहे ते वाच, मग नवीन घे' हा सल्ला तुम्हाला सगळेच देत असतील. मराठी पुस्तकांच्या बाबतीत तो अर्धाच खरा आहे. आपल्याकडे अनेक पुस्तकांची आवृत्ती हजारेक प्रतींची असते, आता तर त्याहून कमीही काढतात. ती संपली की पुढची निघेलच असं नाही. छोट्या प्रकाशकाचं पुस्तक, स्थानिक इतिहास, बोलीभाषेतलं लेखन, नव्या कवीचा पहिला संग्रह हे दिसलं तेव्हाच घेतलं पाहिजे, भले वाचायला तीन वर्षं लागोत. यात अपराधी वाटायचं काही कारण नाही. उलट दर वर्षी नव्या आवृत्त्या निघणारी जी गाजलेली पुस्तकं आहेत, ती कुठेही पळून जात नाहीत. ती ज्या दिवशी वाचायला बसायचं, त्याच्या आदल्या दिवशी घ्यावीत. सवलतीच्या नावाखाली आपण नेमकं उलटं करतो : गाजलेली पाच एकदम उचलतो आणि कोपऱ्यातलं पातळ पुस्तक पुढच्या वेळी घेऊ म्हणतो. पुढच्या वेळी ते नसतं.

जुन्या लेखकांसाठी तर पैसेही लागत नाहीत. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी पुस्तक सर्वांसाठी मोकळं होतं. हरि नारायण आपटे १९१९ मध्ये गेले, म्हणजे त्यांचं लेखन केव्हाच मोकळं झालं. अशी बरीच जुनी पुस्तकं मराठी विकिस्रोत या संकेतस्थळावर फोनमध्ये वाचता येतात. मराठी विश्वकोशही मोफत आहे. कागदावरच वाचायची आवड असेल तर त्यांच्या स्वस्त आवृत्त्या सतत निघत असतात.

आणि तुम्ही रोज बेळगावात येता, ताई! तिथलं सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचं आहे. आपल्या पणजोबांच्या आधीपासून मराठी पुस्तकं घरी न्यायला देणारी जागा तुमच्या ऑफिसच्या गावात आहे आणि पत्रात तिचा उल्लेखही नाही, याचं मला नवल वाटलं. शहापुरातही जुनं वाचनालय आहे. सभासद व्हा. एखादं पुस्तक घ्यावं की नाही असा प्रश्न पडला की आधी तिथून आणून वाचा. वाचून झाल्यावरही आपल्या घरात असावंसं वाटलं, तर मग विकत घ्या, अगदी निर्धास्त मनानं. वाचनालयाच्या पुस्तकाला परतीची तारीख असते. रोज हिशेबात राहणाऱ्या माणसाला ती तारीख वाचायला लावते, हा माझा अनुभव आहे. दिवाळी अंकांचंही तसंच. १९०९ साली 'मनोरंजन' मासिकानं ही प्रथा सुरू केली आणि आज दर वर्षी शेकडो अंक निघतात. त्यातले आठ-दहा तुम्ही विकत घेता आणि शिमग्यापर्यंत ते तसेच राहतात, असं लिहिलंय. बऱ्याच वाचनालयांत एकदा ठरावीक रक्कम भरून सगळे अंक आळीपाळीनं वाचायची सोय असते. दोन आवडते अंक विकत घ्या, बाकीचे तिथे वाचा.

वाचायला वेळ कधी, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तो पत्रात जागोजागी आहे. पूर्वी तुम्ही बसमध्ये वाचायच्या. जून २०२३ पासून भाडं वाचलं आणि त्याच बसमध्ये बसायला जागा मिळेनाशी झाली. पैसे आले आणि वाचायची जागा गेली! तुमचा ढीग वाढायला लागला तो काळही हाच आहे, तारखा ताडून बघा. म्हणजे तुमच्या मनात काही बिघडलेलं नाही. तुमचं रोजचं तासा-दीड तासाचं वाचन गेलं आणि त्याची जागा खरेदीनं घेतली, कारण पुस्तकाजवळ राहण्याचा तेवढाच मार्ग उरला होता. तेव्हा तो तास परत मिळवायचा कसा ते बघू या. एक बस आधीची पकडून ऑफिस उघडायच्या आधी अर्धा तास तिथेच बसता येईल का? पतसंस्थेत दुपारी डबा खाऊन झाल्यावर वीस मिनिटं मिळतात का? पर्समध्ये मावणारं एक पातळ पुस्तक कायम ठेवा, कथा किंवा कविता, उभ्यानं एका हातात धरता येईल असं. कादंबरी घरी, उशाशी. मी दोन पुस्तकं एकाच वेळी वाचते आणि त्यांची गल्लत होत नाही, कारण एक घरचं असतं, एक बाहेरचं.

मुलीबद्दल. 'मुलगी हात लावत नाही' असं तुम्ही लिहिलंय आणि पुढे 'तिला मराठी येत नाही' असंही. दुसरं वाक्य मला पटत नाही. ती घरात मराठीतच भांडते, हे तुम्हीच सांगितलंय. शाळेत तिला हिंदी आहे, म्हणजे देवनागरी वाचता येते. हिंदीच्या पुस्तकात न भेटणाऱ्या 'ळ'चा उच्चार तिला कन्नडमुळे ओळखीचा आहे, तो तर आपल्याकडच्या मुलांच्या जिभेवर अस्सल वळतो. तेव्हा अडलंय ते अक्षरापाशी नाही, सवयीपाशी. आठवीतल्या मुलीला आईचं जाड पुस्तक देऊ नका, आणि 'आपली भाषा आहे, वाचलीच पाहिजे' हे तर चुकूनही म्हणू नका. तिला आवडेल त्या विषयाचं, क्रिकेट, भुतं, स्वयंपाक, काहीही, पातळसं पुस्तक तिच्या स्वतःच्या निवडीनं घेऊ द्या. पुढच्या संमेलनात तिला शंभर-दीडशे रुपये द्या आणि तुम्ही दुसऱ्या स्टॉलवर जा. तिनं जे आणलं त्याला नावं ठेवू नका. कन्नड आणलं तरी ठेवू नका.

कन्नडवरून आठवलं. मूळच्या बेळगावच्या उमा कुलकर्णींनी कन्नड कादंबरीकार भैरप्पांच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या. त्यांचे यजमान विरूपाक्ष कन्नड पुस्तक वाचून ध्वनिमुद्रित करून ठेवायचे आणि उमाताई ते ऐकून मराठीत लिहायच्या. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं ऐकायचं, एवढ्यावर एका घरातून मराठीला ग्रंथांची रांग मिळाली. घरात मोठ्यानं वाचलेलं कुठवर जाऊ शकतं, हे सांगायला मला याहून जवळचं उदाहरण सापडत नाही.

पुस्तकं पिंपामागून काढणार असाल तर ती कुठे ठेवायची, हेही सांगते, कारण आपल्याकडच्या पावसात हा प्रश्न जीवनमरणाचा आहे. तांदळाची खोली पुस्तकांना सगळ्यांत वाईट. तिथे दमट असतं, धान्यातले किडे असतात आणि बांधणीतली खळ म्हणजे कसरीचं जेवण. डांबरगोळ्या टाकायचा मोह होईल, पण जिथे धान्य आहे किंवा माणसं झोपतात तिथे त्या नकोत. सोप्यातल्या आतल्या बाजूच्या भिंतीला फळ्या मारून घ्या, पावसाचा मारा असलेल्या भिंतीला नको. फळी आणि भिंत यांत चार बोटं अंतर ठेवा आणि खालची फळी जमिनीपासून वीतभर वर ठेवा, म्हणजे वाळवी चढताना दिसेल. पुस्तकं दाबून बसवू नका, बोट सहज जाईल एवढी सैल हवीत. वेखंडाचे तुकडे सुती चिंधीत बांधून अधूनमधून ठेवा. पोथ्या ठेवणारी जुनी माणसं हेच करायची. प्लॅस्टिकच्या पिशवीत पुस्तकं बांधून ठेवू नका, आत घाम धरतो. श्रावणात दोन दिवस उघडीप मिळाली की पुस्तकं उभी करून, पानं थोडी उघडून, सावलीतल्या वाऱ्यात ठेवा. कडक उन्हात ठेवली तर पानं पिवळी पडतात आणि डिंक तडकतो. एखाद्या पुस्तकात कसर दिसलीच तर ते हवाबंद पिशवीत घालून आठ-दहा दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, बाहेर काढल्यावर पिशवी लगेच न उघडता दिवसभर तशीच राहू द्या, मग कोरड्या ब्रशनं झाडा. पिंपामागून निघालेली ती १९ पुस्तकं पुन्हा इतरांत मिसळण्याआधी एकेक पान उलटून बघा, विशेषतः कण्याजवळ.

फळ्या मारायचं काम यजमानांना सांगा. त्यांना किती लांबीची हवी ते विचारायला लावा. अबोला तिथेच सुटायला लागेल असं मला मनापासून वाटतं.

आणि आता त्या शेवटच्या ओळीकडे येते. तुम्ही ती निरोप घेता घेता लिहिलीत, पण माझ्यासाठी तुमचं खरं पत्र तिथेच सुरू झालं. चार पानांच्या पत्रात तुम्ही तेवीस पुस्तकांच्या किमती लिहिल्यात, पुस्तकात आहे काय हे विचारणारं माणूस मात्र एकच भेटलं, आणि त्या सासूबाई होत्या. ज्या 'रद्दी' म्हणतात त्याच. त्यांना कव्हरचा रंग लक्षात होता. म्हणजे त्यांनी धूळ झाडताना ते पुस्तक हातात घेतलं असणार, उघडलंही असेल. पत्रात एके ठिकाणी तुम्ही म्हणता, त्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया राहिलीय. उघडून त्यांना काय दिसलं असेल, धूसर काळ्या ओळी. आणि तुम्ही म्हणालात, काही नाही, कविता आहेत.

आज रात्री जेवणं झाली, भांडी आवरली की ते तांबडं पुस्तक घेऊन सोप्यात त्यांच्याजवळ बसा. सगळं वाचायचं नाही, एकच कविता, छोटी. त्या मध्येच 'आमच्यात असं म्हणतात' म्हणून जात्यावरची एखादी ओवी काढतील, तर पुस्तक मिटा आणि आधी ती लिहून घ्या. त्या 'पुरे आता, झोप' म्हणाल्या तर झोपा. उद्या त्यांना विचारा, आज कुठलं काढू. आणि मोतीबिंदूसाठी डॉक्टरांची वेळ घ्या, या महिन्याचे पुस्तकांचे पैसे त्या येण्याजाण्याला घातलेत तरी चालतील.